बारा माणसांचं टेबल

रोज सकाळी सात वाजता बायको आरसेदादांच्या तोंडाची झडती घ्यायची.

"आ करा."

"आऽऽ."

"जीभ वर."

"अगं, गिळली. पोटात गेली. आता काय दुर्बीण घालून बघतेस?"

"मिळाली तर तीही घालेन. मागं गालात चिकटवून ठेवली होतीत, ती काय मी?"

यावर आरसेदादा तोंड मिटायचे. गरीब गायीसारखे ते डबा घेऊन फर्निचरच्या कारखान्यात निघून जायचे.

ती गोळी दारू सोडवण्याची. गोळी अंगात असताना घोटभर जरी घेतली, तरी तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात आणि माणसाला सगळे देव एका रांगेत आठवतात, असं डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं. बायकोला ही गोळी भलतीच आवडली. "औषध कसलं, पहारेकरी आहे हो!" ती म्हणाली. त्याच दिवशी तिनं घरातलं खोकल्याचं औषध, दाढीनंतर लावायचं सुवासिक पाणी आणि लेकीनं दिलेली अत्तराची बाटली, सगळं बाहेर काढलं. दारूचा अंश म्हणून घरात उरू दिला नाही. आणि मग, आवाज जराही न चढवता, ती म्हणाली, "आता एकदा जरी घेतलीत, तर मी लेकीकडे जाईन. परत यायची नाही." तिच्या ओरडण्याची आरसेदादांना सवय होती. या हळू आवाजाची नव्हती.

आरसेदादा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांनी पॉलिश केलेल्या टेबलात गिऱ्हाईक वाकून बघायचं आणि केस सारखे करायचं, म्हणून कारखान्यानं ठेवलेलं हे नाव. पण वर्षभरापूर्वी हात थरथरायला लागले, तेव्हा मालकांनी त्यांच्या हातातला पॉलिशचा बोळा काढून घेतला आणि पॉलिश पेपर दिला. घासा लाकूड! नाव आरसेदादा आणि दिवसभर अंगावर भुसा. देव कधी कधी अशी थट्टा करतो.

गोळी सुरू होऊन चौऱ्याण्णव दिवस झाले आणि मालकांचं लक्ष त्यांच्या चहाच्या कपाकडे गेलं. कप बशीवर वाजत नव्हता.

"दादा, हात पुढं करा बघू. वा! अहो, हे तर देवळातल्या समईसारखे स्थिर. ते बारा माणसांचं टेबल आलंय ना, ते तुमचं."

आरसेदादा लहान मुलासारखे हरखले. पॉलिशच्या खोलीत गेले. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून दार लावलं, खिडक्या लावल्या. स्पिरिटमध्ये लाख विरघळवली, बोळा भिजवला आणि पहिला हात मारला. मग दुसरा. तिसरा. चौथ्या हाताला कान तापले. पाचव्याला छातीत कोणीतरी ढोल बडवायला लागलं. सहाव्या हाताला बोळा टाकून ते बादली शोधत धावले.

मालकांनी दार उघडून बघितलं. चेहरा टोमॅटोसारखा, अंगाला भपकारा, पुढं बादली. "दादा," ते एवढंच म्हणाले, "आजच?" आणि टेम्पोत घालून त्यांना घरी पोचवलं.

बायकोनं दारातच एक वास घेतला. माळ्यावरची बॅग खाली काढली.

"अगं, देवाशप्पथ, घेतली नाही मी!"

"देवाला मधे घालू नका. वीस वर्षांत इतक्या वेळा साक्षीला उभं केलंत त्याला, पाय दुखत असतील बिचाऱ्याचे."

आरसेदादा खुर्चीला धरून उभे राहिले. "बरं, देव नको. डॉक्टरीणबाईंकडे चल. त्या म्हणाल्या घेतली, तर ती बॅग मी स्वतः गाडीपर्यंत उचलेन."

ती थांबली. प्यायल्यावर डॉक्टरकडे चला म्हणणारा नवरा तिनं आजवर पाहिला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, रक्तदाब मोजला, नळीत फुंकर मारायला लावली. मग शर्टाची बाही हुंगली.

"हा वास कसला?"

"स्पिरिटचा. पॉलिशचं असतं ना."

"किती वेळ होतात त्यात?"

"सकाळपासून. दारं-खिडक्या लावून. नाहीतर धूळ बसते."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो दादा, ती दारूचीच वाफ. दिवसभर फुप्फुसात भरत बसलात! मी कामाचं विचारलं तेव्हा फर्निचरचा धंदा आहे, असं कोण म्हणालं?"

बायको छताचा पंखा न्याहाळू लागली. पॉलिशवाला म्हटलं तर बसायला खुर्ची मिळेल की नाही, अशी तेव्हा तिला धाकधूक होती.

"म्हणजे यांनी... घेतली नाही?"

"नाही. प्यायले असते, तर नळीत कळलं असतं."

तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि लगेच नवऱ्यावर घसरली, "मग नीट सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू? मलाच कुठं कळलं होतं!"

डॉक्टरीणबाईंनी पुढचं समजावलं. या गोळीवर पॉलिश चालणार नाही. दुसरी एक गोळी आहे, दिवसातून तीनदा घ्यायची. ती दारूची ओढ कमी करते, पण भीती घालत नाही. कोणी प्यायला, तर ती त्याला शिक्षा करणार नाही. आधी रक्त तपासायचं. जुन्या गोळीचा अंमल दोन आठवडे राहतो, तोवर त्या खोलीत पाऊल नको, आणि नंतरही खिडक्या उघड्या.

पहारेकरी जाणार! बायकोचा चेहरा पडला. आरसेदादांना तो दिसला.

"राहू द्या," ते हळूच म्हणाले. "हीच गोळी बरी. ते बारा माणसांचं टेबल राहिलं अर्धं तर राहिलं. मी घासकाम करीन." आणि हात मांडीखाली दडपून बसले.

तिनं त्या दडपलेल्या हातांकडे बघितलं.

"बारा माणसं अर्ध्या टेबलावर जेवणार का?" ती म्हणाली. "डॉक्टर, ती दुसरीच लिहा. आणि दुपारची गोळी कारखान्यात घ्यायची ना? मग ती यांच्याच हातात द्या."

"विश्वास बसला म्हणायचा!" आरसेदादा खुलले.

"दुपारपुरता. सकाळ-संध्याकाळ मी आहे."

"दुपार मोठी असते गं. बघायला कोणी नसतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच देतेय."