पास झालेली पाकळी

ज्योतीरामने माझ्या कामाला कधी चांगलं म्हटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट समजेल. चाकणच्या कंपनीत मी एकोणतीस वर्षं लेथवर शाफ्ट काढले आणि तो एकोणतीस वर्षं ते तपासत बसला. पीस बरोबर असला तर हा गडी काहीच बोलायचा नाही, नुसता उचलून पुढच्या ट्रेमध्ये ठेवायचा. चुकला असला तर मात्र लाल टॅग बांधायचा आणि वर पाच मिनिटं प्रवचन. निवृत्तीच्या दिवशी मी शेवटचा शाफ्ट जीव ओतून काढला. पेढे वाटून झाल्यावर गळ्यातल्या हारासकट तो त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्याने मोजला, परत मोजला आणि टॅगचा गठ्ठा जवळ ओढला. चार मायक्रॉन जास्त! माणसाच्या एका केसाचे उभे वीस भाग करा, त्यातला एक. लोक टाळ्या वाजवत होते आणि हा महात्मा लाल टॅगला गाठ मारत होता.

दोन महिन्यांनी तोही निवृत्त झाला. कासारवाडीत आम्ही एकाच गल्लीत राहतो, तेव्हा सुटका नाहीच. हा आता घरी बसून बायकोच्या पोळ्यांचा व्यास मोजणार, अशी मला धास्ती होती. पण त्याने गच्चीवर डेलिया लावले आणि वहिनी वाचल्या.

मग मीही लावले. उगाच कशाला लपवू, खुन्नस म्हणूनच लावले. मनात एकच होतं, या माणसाच्या तोंडून एकदा 'चांगलं झालंय' ऐकायचं. मदिना, म्हणजे आमची बायको, कपाळावर हात मारून म्हणाली, "लोक म्हातारपणी हजचं बघतात, तुम्ही ज्योतीरामभाऊंचं तोंड काय बघत बसलाय?"

डेलियाचं तसं फार अवघड नाही. पाऊस ओसरला की कंद लावायचा, निंबोळी पेंड घालायची, मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही, काठीचा आधार द्यायचा. अवघड असतं ते कळ्या खुडणं. प्रदर्शनासाठी मोठं फूल हवं असेल तर शेंड्याची एक कळी ठेवून बाजूच्या सगळ्या काढून टाकाव्या लागतात. ज्योतीराम त्या रिजेक्ट मालासारख्या खटाखट खुडायचा. माझा हातच धजायचा नाही. हिला राहू दे, तिने तरी काय वाईट केलंय, असं करता करता माझ्या झाडावर बारा फुलं यायची, सगळी वाटीएवढी. त्याच्या झाडावर एकच, ताटाएवढं. दोन वर्षं पिंपरीच्या पुष्पप्रदर्शनात पहिलं बक्षीस त्याला आणि मला सहभागाचं प्रमाणपत्र.

शिवाय संध्याकाळी न बोलावता आमच्या गच्चीवर तपासणी. "मान वाकडी हाय हिची." "मध्य सरकलाय." "पानाखाली कोळी कीड पडलीय बघ." चहा मात्र शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचा.

यंदा मदिनाने माझा चष्मा काढून घेतला आणि कळ्या स्वतःच खुडल्या. जानेवारी संपता संपता एक पिवळंधमक फूल उमललं, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेना. ज्योतीरामने त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि काही न बोलता खाली गेला. म्हणजे पास. पण माझी भूक नुसतं पास होऊन भागणार नव्हती.

प्रदर्शनाच्या सकाळी टेबलावर सावलीची जागा धरायला तो स्कूटरवरून पुढे गेला. त्याचं गडद लाल फूल त्याने माझ्या व्हॅनमध्ये दिलं, अर्थात आधी अर्धा तास सूचना देऊन. मी दोन्ही फुलं पाण्याच्या बाटल्यांत, बाटल्या क्रेटमध्ये आणि क्रेट मागच्या सीटवर मदिनाच्या शेजारी ठेवला. गाडी बैलगाडीच्या वेगाने चालवली. पण रातोरात नवा स्पीडब्रेकर उगवला असेल तर माणूस काय करणार? गाडी उडाली, मागून मदिना ओरडली, "या अल्ला, पडली!"

एक पाकळी. लाल फुलाची, समोरूनच, दुसऱ्या ओळीतली. सुगरणीने मांडलेल्या करंज्यांच्या ताटातून कुणी एक पळवावी तसं भोक दिसत होतं.

खोटं बोलणार नाही, पहिल्यांदा मला आनंदच झाला. लाल गेलं, आता पिवळ्याला अडवणारं कोण? पण गाडी कडेला घेईपर्यंत तो आनंद विरला. मी जिंकलो तरी ज्योतीराम मरेपर्यंत एकच वाक्य म्हणणार होता: वाहतुकीत माल खराब झाला. मग मला चांगलं कधी म्हणणार तो?

"तुझा चिमटा दे," मी मदिनाला म्हणालो. भुवया कोरायचा चिमटा तिच्या पर्समध्ये असतोच. डॅशबोर्ड चिकटवायला ठेवलेली गोंदाची ट्यूब मी काढली. टाचणीच्या टोकावर गोंद घेतला, पाकळीच्या बुडाशी टेकवला, श्वास रोखला आणि शेजारच्या दोन पाकळ्यांना धक्का न लावता ती आत बसवली. हात जरासुद्धा हलला नाही. फुंकर घातली, साठपर्यंत मोजलं, सोडलं. मदिना वाकून बघत राहिली. म्हणाली, "मलाच आता सापडेना, कुठली ती."

प्रदर्शनाच्या मांडवात ज्योतीरामने फूल हातात घेतलं. त्याने चष्मा पुसला. फूल उजेडात धरलं. एकदा फिरवलं, दुसऱ्यांदा फिरवलं, तिसऱ्यांदा उलटं करून देठापासून बघितलं. मग काही न बोलता टेबलावर ठेवून दिलं.

पास! मोडलेला पीस दुरुस्त करून चोरून पुढे सरकवला की त्याला आमच्यात रीवर्क लपवणं म्हणतात. एकोणतीस वर्षांत एकाही टर्नरला ते ज्योतीरामच्या नजरेतून जमलं नव्हतं. मला जमलं. कुणाला तरी सांगावं म्हणून जीव नुसता तडफडत होता.

अकरा वाजता निकाल लागला. लाल डेलिया पहिला, माझा पिवळा दुसरा. म्हणजे मीच बसवलेल्या पाकळीने मला हरवलं होतं. मदिना तोंडावर पदर धरून हसत सुटली.

ज्योतीरामने घरी फोन लावला. "आला पहिला. यंदा एकबी दोष न्हाई. मी सोता तपासलंय." हे बोलताना त्याचा चेहरा असा उजळला होता की मला तिथं उभं राहवेना. थोडी लाज होती, थोडा माज होता, दोन्ही मिळून तोंडातून निघूनच गेलं.

"ज्योतीराम, एक पाकळी मी चिकटवलेली आहे."

त्याने फोन खिशात ठेवला. "कुठली?"

मी दाखवली. त्याने चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं. नखाने हलकेच दाबली. मग पहिल्या बक्षिसाचं कार्ड उचललं आणि तडक परीक्षक मिनलताईंच्या टेबलाकडे निघाला. मी मागे धावलो.

"म्याडम, ह्यो पीस बाद करा. रीवर्क हाय."

मिनलताईंना आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, आम्हाला दिसलं नाही, कुणाचीच तक्रार नाही. राहू द्या ना."

"तुमाला दिसलं न्हाई, ह्योच तर दोष हाय तुमचा," ज्योतीराम म्हणाला. "आन ज्यानं क्येलं त्याचं फूलबी बाद करा. नियमात लिवलंय, फुलाला जोडकाम करणारा स्पर्धक बाद. ह्यो बघा, हा हनीफ. ह्यानंच क्येलं."

राव, याला काय म्हणावं! कबूल मी केलं होतं, आणि पोलिसात द्यावं तसं बोट दाखवून हा मोकळा! दोन्ही कार्डं निघाली. पहिलं बक्षीस काळेवाडीच्या साबियाला गेलं. तिचं शिलाईचं दुकान आहे आणि डेलिया लावायची ही तिची पहिलीच वेळ. ती आम्हाला भेटायला आली, विचारत होती, की कळ्या खुडतात म्हणजे नक्की काय करतात?

बाहेर टपरीवर मी, मदिना आणि ज्योतीराम चहाला थांबलो. मी ज्योतीरामशी बोलत नव्हतो. तीन वर्षांची मेहनत, मदिनाने खुडलेल्या कळ्या, सगळं गटारात गेलं होतं, आणि ते याच्यामुळे. एकदा वाटलं, हा चहा याच्या डोक्यावर ओतावा.

"कशानं धरलीस?" त्याने विचारलं.

"काय?"

"पाकळी."

"भुवयांच्या चिमट्याने," मी तुटक उत्तर दिलं.

"गोंद?"

"टाचणीवर. थेंबभर पण नाही."

त्याने ग्लास खाली ठेवला. "तीन बार फिरवलं मी. उजेडात धरलं. तू दावल्यावर बी मला जोड दिसंना." मग माझ्याकडे न बघता, नळ बंद करायला सांगावं इतक्या सपाट आवाजात म्हणाला, "काम चांगलं झालंय, हनीफ."

एकोणतीस वर्षं मायक्रॉन सांभाळलेला मी, आणि आता अर्धा चहा शर्टावर. डोळे भरून आले ते मी लपवलंही नाही, लपवायला वेळच मिळाला नाही.

"काय झालं?" मदिनाने विचारलं. ती बिस्किटं घ्यायला वळली होती, तिने ऐकलंच नव्हतं.

"ज्योतीराम, हिला ऐकू गेलं नाही," मी म्हणालो. "परत म्हण."

"तुला ग्येलं ना?" तो म्हणाला, आणि बिस्किटाचा पुडा फोडून आधी माझ्यापुढे धरला.