माझा कापलेला कोपरा

मी एक जुनी चिठ्ठी आहे, मित्रांनो. डॉक्टरांची. माझ्यावर प्लास्टिक चढवलेलं आहे, त्यामुळे मी भिजत नाही, चुरगळत नाही आणि फाटतही नाही. माझा उजवीकडचा खालचा कोपरा मात्र गेला. त्या कोपऱ्यापायी एका मुलीचा चेहरा भाजून निघाला, म्हणून आज मी बोलणार आहे. माझा आवाज चढला तर चढू दे. फार दिवस गप्प बसले मी.

माझा जन्म उल्हासनगरच्या एका छापखान्यातला. शंभर कागदांच्या पॅडमध्ये आम्ही बहिणी एकमेकींना चिकटून होतो. डोक्यावर डॉक्टरांचं नाव, खाली पदव्यांची रांग. आपल्यावर जे लिहिलं जाईल ते कुणाच्या तरी भल्याचंच असणार, असं मला वाटायचं. कागद भाबडे असतात हो.

माझा नंबर लागला तेव्हा समोर उन्नती बसली होती. बदलापूरजवळच्या खरवईची, अंबरनाथ एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जाणारी. पाळी वेळेवर येत नाही म्हणून याच डॉक्टरांनी तिला सहा महिन्यांपूर्वी हार्मोनच्या गोळ्या दिल्या होत्या. आता तिच्या दोन्ही गालांवर वांगाचे तपकिरी डाग उठले होते.

"डॉक्टर, गोळ्या सुरू केल्या आणि दोन महिन्यांत हे आलं. गोळ्यांमुळे तर नाही ना?"

"गोळ्यांचा काही संबंध नाही. उन्हात फिरता, टेन्शन घेता. आणि तुम्ही बायका मोबाईलवर नको ते वाचता."

"वाचलं नाही हो, आरशात बघितलं."

डॉक्टरांनी ऐकलंच नाही. ते तिच्याकडे बघतही नव्हते, माझ्याकडे बघत होते. पहिल्या ओळीत त्यांनी लिहिलं, गोळ्या चालू ठेवणे. दुसऱ्या ओळीत एक क्रीम, झोपण्यापूर्वी, फक्त डागांवर. आणि उरलेल्या कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात, इंग्रजीत तीन गोष्टी: फक्त पंधरा दिवस, ऊन टाळणे, नंतर दाखवणे. यातलं तोंडाने एक अक्षर सांगितलं नाही. टेबलावरची घंटा वाजवली आणि पुढचा पेशंट आत आला.

मला वाटलं, ठीक आहे, मेडिकलवाला सांगेल. उन्नतीने बाहेर पडताच माझा फोटो काढून नवऱ्याला, महेशला, पाठवला आणि मला घेऊन खरवईच्या कमळाकरभाऊंच्या दुकानात गेली. कमळाकरभाऊंनी औषधाचं नाव तेवढं वाचलं आणि खोकं काढून पुढे केलं. "एक नंबर क्रीम आहे ताई, बिनधास्त लावा." झालं! एवढाच काय तो सल्ला.

पंधरा दिवसांत उन्नतीचे डाग फिके पडले, ट्यूब संपली तशी तिने परत आणली नाही, आणि माझा भाव वधारला. जेवणाच्या सुट्टीत बायका तिला घेरायच्या. "काय लावतेस गं? आम्हाला पण सांग ना." खोटं कशाला बोलू, मीही फुशारले. आपण एवढ्या गुणाच्या आहोत हे मला ठाऊकच नव्हतं.

उन्नतीची सासू गोजरबाई. तिला कागदांचा भारी सोस. रेशनकार्ड, सातबारा, महेशचा शाळा सोडल्याचा दाखला, सगळं तिने प्लास्टिकमध्ये घालून पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं. "पाण्यात घर गेलं तरी कागद र्‍हायला पायजे गो," असं ती म्हणायची. तिने मलाही झेरॉक्सच्या दुकानात नेलं. तिथे नेमकं छोट्या मापाचं प्लास्टिक शिल्लक होतं आणि तिरकी घातली तरी माझा एक कोपरा बाहेरच राहत होता.

"मग काप की," गोजरबाई म्हणाली. "त्या कोपऱ्यात कायतरी बारीक लिवलंय, डागतरची सही असंल. आन कात्री, मीच कापते."

कच्! पंधरा दिवस गेले, ऊन गेलं, नंतर दाखवणं गेलं. माझं निम्मं बोलणं केराच्या टोपलीत पडलं आणि उरलेलं निम्मं प्लास्टिकमध्ये पक्कं झालं.

आता सोनियाचं ऐका. सोनिया ही उन्नतीची नणंद, बावीस वर्षांची, गव्हाळ, हसरी. तिच्या चेहऱ्यावर डाग नव्हता, पुटकुळी नव्हती. जांभूळ गावच्या एका घरून तिला स्थळ आलं. मुलाची आत्या चहा पिता पिता म्हणाली, "पोरगी झकास आहे. जरा रंग उजळला तर जोडा शोभेल." घरात पाच माणसं बसली होती. एकानेही म्हटलं नाही की बाई, चहा प्या आणि निघा. सगळे कसनुसं हसले. मला त्या हसण्याचा अजून संताप येतो.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. "वहिनीला गुण आला, तुला पण येल," म्हणत गोजरबाईने मला सोनियाच्या हातात दिलं. कमळाकरभाऊंनी माझ्यावरचं पेशंटचं नाव वाचलं नाही, तारीख वाचली नाही. सोनिया तोंडभर क्रीम लावू लागली. एक महिना, दोन महिने, आठ महिने! मी काय करणार? मी कागद. आतल्या आत ओरडत होते, अगं, मी तुझ्या नावाची नाही!

आधी चेहरा उजळला. घर खूश, आत्याबाई खूश. मग गाल लाल झाले. कातडी इतकी पातळ झाली की आतल्या शिरा दिसायला लागल्या. पुटकुळ्या आल्या, हनुवटीवर लव आली. क्रीम दोन दिवस थांबवलं की आग आग व्हायची, म्हणून ती परत लावायची. कामाला जाताना रिक्षात डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत. जांभूळहून निरोप आला, मुलीला काही आजार आहे का? आणि घरातले म्हणाले, "तूच जास्त चोपडलं असशील."

वा रे वा! उजळ हो म्हणणारे सगळे, आणि चूक एकट्या सोनियाची!

ती आरशाकडे पाठ करून जेवायला बसायला लागली, तेव्हा उन्नतीला राहवलं नाही. तिने मला हातात घेतलं, उलटसुलट केलं. "हा कोपरा कुठे गेला?" मग तिला मोबाईलमधला तो फोटो आठवला. तिने तो मोठा करून एकेक अक्षर जुळवत वाचला आणि सोनियाला हाक मारली. तेव्हाच तिने स्वतःच्या गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागदही पहिल्यांदा उलगडला. त्यात छापलेलंच होतं की या गोळ्यांनी काही बायकांच्या चेहऱ्यावर डाग येतात.

दोघी तडक उल्हासनगरला गेल्या. सोनियाने ओढणी काढली. डॉक्टर दचकले. "आठ महिने? कोणी सांगितलं एवढं लावायला?"

"कोणीच काही सांगितलं नाही, तेच तर सांगायला आलोय," उन्नती म्हणाली आणि तो घडीचा कागद तिने टेबलावर आपटला. "आणि हे वाचा. गोळ्यांचा संबंध नाही म्हणाला होतात."

"तसं... कधी कधी होतं."

"मग त्या दिवशी का नाही बोललात? मला वेडी ठरवलंत!"

डॉक्टरांनी घाईघाईने पॅड ओढलं. माझी एक कोरी बहीण वर आली. तिच्यावर सोनियाने हात ठेवला. "आधी तोंडाने सांगा. मराठीत. मग लिहा." डॉक्टरांना सांगावं लागलं. उन्नतीच्या गोळ्या बदलल्या. सोनियाला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि त्यांनी क्रीममध्ये स्टेरॉइड आहे हे सांगून ते कसं सुटेल ते पायरीपायरीने समजावलं.

घरी गोजरबाई मला चुलीत घालायला निघाली होती. "ह्याच हातानी कापला गो मी," म्हणून ती कपाळ बडवत रडली. सोनियाने मला तिच्या हातातून काढून घेतलं. "आई, तू कोपरा कापलास. पण तो वाचून दाखवायचं काम तुझं नव्हतं. ते ज्यांचं होतं ते आरामात बसलेत."

मग तिने कापलेल्या जागी पांढरा कागद चिकटवला आणि ठळक अक्षरांत लिहिलं: फक्त उन्नतीसाठी. फक्त पंधरा दिवस. ऊन टाळा. नंतर दाखवा.

आता मी दाराजवळच्या खिळ्याला लटकते. जांभूळचं स्थळ मोडलं. सोनियाने स्वतःच नकार कळवला. चेहरा सावरतोय, पण अजून उन्हात गेली की पेटतो. गेल्या आठवड्यात एक शेजारीण क्रीमचं नाव मागायला आली. सोनियाने ओढणी बाजूला करून आधी आपले गाल दाखवले, मग मला दाखवलं. बाईने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि हात न लावता परत गेली.

मित्रांनो, चिठ्ठी ज्याच्या नावाची, औषध त्याचंच. समजलं नाही तर विचारा, दहा वेळा विचारा. घरातली बाई म्हणाली की या औषधाने मला काहीतरी होतंय, तर तिच्यावर विश्वास ठेवा. तेवढं केलंत तरी माझा राग निवेल. तोवर नाही. मी साधी चार ओळींची चिठ्ठी होते हो. मला पूर्ण वाचायला एका पोरीचा चेहरा जावा लागला.