पंचावन्न मिनिटांचं गाऱ्हाणं

जावयाने, समर्थने, तिकिटासोबत मोबाइलवर लिहून पाठवलं होतं: चिपी विमानतळ ते पुणे, हवेतून अंतर दोनशे नव्वद किलोमीटर, वेळ पंचावन्न मिनिटं. ते वाचल्यापासून लवूच्या अंगात वारं शिरलं होतं. मालवणच्या बंदरावर भेटेल त्याला तो हे आकडे ऐकवायचा.

त्याच्या बायकोला, सावित्रीला, आकड्यांचं काडीचंही कौतुक नव्हतं. तिला दुपारी तीनच्या आत पुण्याच्या इस्पितळात लेकीच्या, नम्रताच्या, उशाशी पोचायचं होतं. पोरीचं पहिलंच बाळंतपण, त्यात रक्तदाब वाढलेला, म्हणून माहेरी आणता आली नव्हती. तीनला ऑपरेशन होतं. "आये, माका आत नेतीत तेव्हा तू जवळ रव," एवढंच ती रोज फोनवर म्हणायची.

विमान साडेअकराचं. नऊला शेजारच्या बाबूची रिक्षा दारात आली आणि लवूने देवापुढे नारळ ठेवून, एकेका देवाला हाक मारत साकडं घालायचं गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा रामेश्वरा, नारायणा, सातेरी, रवळनाथा, आज तुझी लेकरां इमानात बसतत म्हाराजा..."

वाडीतले, वेशीवरचे, एकूण एक देव झाले. बाबूने आणि सावित्रीने "व्हय म्हाराजा" म्हटलं. ती रिक्षात बसतेय तोच लवूने कपाळावर हात मारला.

"अगो, तुझ्या माहेरचो वेतोबा ऱ्हवलो!"

"मनात म्हणा नि बसा!"

"देवाक मनात गुंडाळतत? रागावलो तर? आणि घाई कित्याक? पंचावन मिनिटांचो तर प्रवास!"

गाऱ्हाणं पुन्हा पहिल्या देवापासून सुरू झालं. हा नारळ ह्याच्याच टाळक्यात फोडावा, असं सावित्रीला अगदी मनापासून वाटलं.

विमानतळावर पोचले तेव्हा पावणेअकरा झाले होते. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं."

लवू लगेच शुद्ध मराठीत शिरला. "मॅडम, विमान तर समोरच उभं आहे. हात केला तर थांबेल की."

"एसटी नाही काका ती."

सावित्री बाहेर आली आणि तिचा बांध फुटला. "तुमच्या पंचावन मिनिटांका आग लागो! आता बसनं रात्री धा वाजतले. माझी पोर एकटी आत जातली!"

लवू पिशवीवर बसून राहिला. तेवढ्यात सावित्रीचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"आये, बसलंस इमानात?"

खोटं बोलायला सावित्रीची जीभ उचलेना. "चुकला गो बाये."

नम्रता रडवेल्या आवाजात म्हणाली, "मग बाबांक सांग, माझ्यासाठी गाऱ्हाणां घालूक. माका ऐकाक येवंदे."

लवूने पुण्यासाठी घेतलेला नारळ पिशवीतून काढला. "बा देवा म्हाराजा, पोरीक सुखरूप सोडव," एवढं एका दमात म्हणून तो थांबला. बायकोकडे बघायची त्याची छाती नव्हती.

सावित्रीने पदराने डोळे पुसले आणि फोन त्याच्या तोंडाशी धरला.

"असा नको. पहिल्यापासून घेवा," ती म्हणाली. "कोणाचाच नाव गाळू नकात. वेतोबाक पण हाक मारा. तीन वाजेपर्यंत आता वेळच वेळ आसा."