नवरदेवाचा चाकू

पंढरीमामाने चाकूची मूठ उजव्या मुठीत आवळली, पात्याची पाठ दातांत धरली आणि मान मागे घेतली. पातं खट्‌कन उघडलं.

"अहो बाबा, तोंडात काय घालता! विकायचा माल आहे तो," दुकानदार काउंटरमागून ओरडलाच.

"पुसून देतो ना शेठ," मामा हसत म्हणाला. "दात सगळे हायत माझे, बोटं तेवढी नाय." आणि त्याने उजवा पंजा काचेवर ठेवला. अंगठा आणि शेजारचं बोट मुळापासून गेलेलं. "दोन बोटं बर्फात ठेवलीयत. खराब नाय व्हायची."

हा विनोद मामा वीसेक वर्षं करत होता. धक्क्यावरच्या बर्फ फोडायच्या मशीनने बोटं खाल्ली, आणि त्याने पहिल्यांदा हे वाक्य म्हटलं ते इस्पितळाच्या खाटेवरच. कोळीवाड्यात त्यावर अजून हशा व्हायचा. पण हे टेंभी नाक्याजवळचं दुकान होतं, फॉरेनच्या वस्तूंचं. सेंट बघणाऱ्या दोन मुलींनी वळून पंजाकडे पाहिलं आणि घाईघाईने मान फिरवली. रतनचे कान तापले. तो उगाचच घड्याळांच्या कपाटाकडे बघत राहिला.

रतन म्हणजे मामाचा एकुलता एक भाचा, शेवंतीचा मुलगा. चेंदणीचा कोळी असला तरी होडीवर कधी गेला नव्हता. डोंबिवलीतल्या एका कंपनीत ड्रॉइंग काढायचा. तिथल्याच मंजिरीशी त्याचं जमलं होतं आणि पुढच्या आठवड्यात लग्न होतं. हळद लागली की नवरदेवाने अक्षता पडेपर्यंत हातात लोखंड ठेवायचं, टोकाला लिंबू टोचून. कुणाकडे कट्यार असते, कुणी घरातली सुरी उचलून देतं. यांच्या घरात मात्र मिटायचा चाकूच लागायचा, आणि तो मामानेच द्यायचा. मामाने सगळ्यांसमोर उघडायचा, लिंबू टोचायचं आणि भाच्याच्या हातात ठेवायचा. पुढे तोच चाकू जन्मभर होडीवर सोबतीला.

"होडी नाय तर नाय," मामा म्हणाला होता, "पण चाकू असा घेऊ का लोकांनी बघत राहावं."

दुकानदाराने मखमलीच्या तुकड्यावर दोन ठेवले होते. एकाला शिंगाची तपकिरी मूठ, पात्यावर नखापुरती खाच. खाचेत नख घालून दोन्ही हातांनी उघडायचा, नाहीतर मामासारखा दातांनी. दुसरा काळा, सडपातळ, पात्याच्या बुडाशी एक बारीक बोंड.

"हा बघा," दुकानदाराने काळा उचलला. "रामपुरी नाही हां, बटण नाहीये. अंगठ्याने एवढंसं ढकलायचं, पुढचं काम आतली स्प्रिंग करते." पातं सप्पकन बाहेर आलं. "एका हाताचा खेळ. कुठल्याही हाताने करा."

"काम शिंगवाल्याचं," मामा म्हणाला. त्याने तो पुन्हा हातात घेतला, मिटला, अंगठा नसलेल्या तळव्यावर तोलला. "हा मरणापर्यंत जाणार. त्यात स्प्रिंग हाय. खारं पाणी लागलं का संपली."

"खारं पाणी कुठनं लागणार मामा? मी कंपनीत जातो."

"तरी पण. चाकू तो चाकू."

शिंगवालाच सुरेख होता, ते रतनलाही दिसत होतं. त्याची मिटतानाची टक्‌ अशी, की पुन्हा ऐकावीशी वाटावी. पण हळदीला मंजिरीचे वडील येणार होते. तिचा भाऊ व्हिडिओ कॅमेरा घेऊन येणार होता. रतनच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं ते: मामाची वर झालेली मान, विचकलेले दात, ओठातून लोंबणारा चाकू आणि तो बोटं नसलेला पंजा. आणि मग डोंबिवलीच्या दिवाणखान्यात, सोफ्यावर बसून, सगळं घरदार ती कॅसेट बघतंय.

त्याने मामाला दारापाशी बाजूला घेतलं.

"मामा, एक सांगू? तिथं दातानं नको."

"मंग कशानं?"

"काळा घेऊ. डाव्या हाताने उघडतो तो. उजवा..." रतन अडखळला. "उजव्यावर उपरणं घे. कुणाला कळणारपण नाय."

बोलला आणि त्याला वाटलं, जीभ का झडली नाही आपली. सहावीत असताना हाच रतन मामासारखा पेन्सिल तासायचा मिटता चाकू दाताने उघडायला गेला होता आणि आईकडून मार खाऊन आला होता. मामाने तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन सगळ्या कोळीवाड्यात मिरवला होता.

मामाने डोक्यावरून डावा हात फिरवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मामाला शिव्याही फर्मास यायच्या.

"बरोबर हाय तुझं," तो म्हणाला. "माझ्या टाळक्यातच नाय आलं बग."

मग आत जाऊन त्याने शिंगवाला दोन्ही हातांनी मखमलीवर परत ठेवला.

"शेठ, झटक्यावाला बांधा."

हळदीच्या चार दिवस आधी कोपरहून कांतामामी मदतीला आली. तांदूळ निवडता निवडता शेवंतीला म्हणाली, "वन्सं, काय भूत दिलंय तुमच्या लेकानं यांना! सकाळी उठले का खाट्, जेवाय बसले का खाट्. डाव्या अंगठ्याचं साल गेलं, तरी थांबत नाय. कालवण गार होतं माझं."

शेवंती खो खो हसली. रतनही हसला. हसता हसता त्याच्या मनात आलं, आत्ताच मामीला सांगावं, की मामाला म्हणावं राहू दे, कर तुला हवं तसं. तेवढं एक वाक्य. पण ते बोललं तर दुकानातलं आधीचंही सांगावं लागलं असतं, आणि ते आईसमोर सांगायची त्याची छाती नव्हती. तो तांदळातला खडा शोधत बसला.

हळदीच्या संध्याकाळी गल्लीत मांडव घातला होता. रतन पिवळा होऊन पाटावर बसला. समोर खुर्च्यांवर मंजिरीचे वडील, एक मावशी आणि डोळ्याला कॅमेरा लावलेला भाऊ. मामा आला. पांढरा शर्ट, खांद्यावर नवं उपरणं, आणि उपरण्याचं टोक उजव्या हातावर नीट गुंडाळलेलं, जसं काही ते तिथेच असायला हवं. एरवी मांडवात शिरला की आधी त्याचा आवाज यायचा. आज तो खाली मान घालून पाटाशी येऊन उभा राहिला.

कोळीवाड्यातली सगळ्यांत म्हातारी ठमाबाई ताटात लिंबू धरून बसली होती. मामाने डाव्या हाताने खिशातून चाकू काढला. अंगठा हलला न हलला, तोच पातं बाहेर.

"अरे वा!" मंजिरीचा भाऊ म्हणाला. "मामा, पुन्हा एकदा करा ना. फोकस गेला."

मामाने मिटून पुन्हा उघडला. टाळ्या पडल्या. ठमाबाईने लिंबू घट्ट धरलं, त्याने ते टोचलं, आणि मूठ रतनपुढे केली.

"अरं पंढरी!" ठमाबाई कडाडली. "डाव्या हातानं? शुभाचं काम डाव्या हातानं देतोस? उजवा कुठं गेला तुजा?"

मामाने आजवर भात कालवला, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, बापाला शेवटचं पाणी पाजलं ते सगळं त्या तीन बोटांच्या उजव्या हाताने. रतनने चाकू निवडताना बाकी सगळं पाहिलं होतं. एवढी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. मामाच्या आली असणार. तो बोलला नव्हता.

"दुखतोय गं म्हातारे उजवा," मामा म्हणाला आणि त्याने रतनकडे पाहिलं. शाळेत उत्तर सांगून झाल्यावर पोर मास्तरांकडे बघतं, तसं.

'मामा, उजव्याने दे.' एवढंच म्हणायचं होतं. कॅमेऱ्याचा लाल दिवा जळत होता. रतनने हात पुढे केला आणि डाव्या हातातून चाकू घेतला.

"असू दे, असू दे," मंजिरीचे वडील भल्या मनाने म्हणाले. "चाकू मात्र झकास आणलात हं मामा."

"भाच्यानं निवडला," मामा म्हणाला.

पंगत बसली. पाहुण्यांमुळे बेत शाकाहारी होता: वरणभात, वालाचं बिरडं, जिलबी. मामाचा मान म्हणून त्याला मंजिरीच्या वडलांशेजारी बसवलं. रतन लिंबाचा चाकू हातात घेऊन पानं बघत, "सावकाश होऊ द्या" म्हणत फिरत होता. आपल्या लाजेपायी आपण एका धडधाकट माणसाला पांगळा केला, हे त्याला आता स्वच्छ कळलं होतं, आणि ते सांगायला भर मांडवात कुणी नव्हतं.

सगळ्यांनी भात कालवला. मामाचं पान तसंच होतं. डावा हात गुडघ्यावर, उजवा मांडीवर, उपरण्याखाली. तूप वाढत कांतामामी तिथवर आली.

"बसलात काय देवासारखे? जेवा की!"

मामाने मान हलवली. मग त्याने रतनला डोळ्यांनी जवळ बोलावलं. रतन वाकला.

"रतन," मामा त्याच्या कानाशी म्हणाला, "एक चमचा मिळंल काय रं?"

ते मामीने ऐकलं. तिच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली.

"चमचा? आन तुम्हाला? अवं, उभ्या जन्मात कधी..."

"हळू बोल गं," मामा म्हणाला. "पाव्हणे ऐकतील."