माणसाळलेल्या चिमण्या

नर्सबाईंनी बॅग दारातच आपटली. महिनाभर मोडक्या पायाच्या बहिणीचं करून आलेल्या बायकोला निदान 'आलीस का' एवढं तरी विचारावं की नाही? पण नवरा आपला खिडकीला नाक लावून बसलेला.

"शू! मोजणी चाललीय."

मोजणी! जमीनमोजणी खात्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी खोड जाईना. गल्ली त्याला फूटपट्टी म्हणायची ते काही उगाच नाही. हिवाळाभर रोज सकाळी तासभर बागेतल्या चिमण्या बघायच्या, एका वेळी जास्तीत जास्त दिसतील तेवढ्या वहीत लिहायच्या आणि वही पक्षीमंडळाला पाठवायची. मंडळाचं प्रशस्तिपत्रक भिंतीवर टांगलेलं, त्याच्या एकट्याच्या नावाचं. दाणे कोण भरतं, बागेत टांगलेली थाळी रोज उकळत्या पाण्याने कोण घासतं, ते मंडळाला कोण सांगणार? जाताना बाईंनी तीनदा बजावलं होतं, थाळी घासा. "मला शिकवू नकोस," म्हणाला होता.

"किती झाल्या?"

"सहा."

"सहा? मी गेले तेव्हा सव्वीस होत्या!"

"शेजारणीचं मांजर! चांगली झापलीय मी तिला. पण गंमत बघ, उरलेल्या कशा गुबगुबीत झाल्यात. आणि माणसाळल्यात! जवळ गेलं तरी उडत नाहीत. तुला इतक्या वर्षांत जमलं होतं का हे?"

बाई तशाच अनवाणी बागेत धावल्या. थाळीच्या काठावर एक चिमणी पिसं फुगवून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, चोचीखालची पिसं ओली. बाईंनी बोट लावलं तरी ती हलली नाही. थाळीत दाणे कुजलेले, वर विष्ठेचा थर. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला आणखी कुणी काय सांगायचं?

"आजारी आहेत हो त्या!" बाई कडाडल्या. "उडायचं त्राण नाही अंगात, आणि म्हणे माणसाळल्या! एकीचं दुसरीला लागलं, या घाणीतून!"

"मला काय माहीत? माझं काम मोजायचं."

"मग मोजा ना!"

बाईंनी त्याला दंडाला धरून कुंपणाच्या झुडपापाशी ओढत नेलं आणि काठीने पाचोळा बाजूला सारला. तो वाकला. एक, दोन, तीन. अकरानंतर तो नुसतं बोट दाखवत गेला. चौदा भरल्या.

"लिहा."

"अगं, या वहीत जिवंतच—"

"याच वहीत लिहा! आणि मग शेजारणीकडे जाऊन माफी मागा."

तो वही उघडून लिहायला बसला. बाईंनी थाळी काढून उकळत्या पाण्यात बुडवली. पण आता हिवाळा संपेपर्यंत ती टांगता येणार नव्हती. दाण्यांसाठी चिमण्या पुन्हा एकत्र जमल्या, तर उरल्यासुरल्याही गेल्या असत्या. बाहेर गवतावर दहिवर गोठलेलं, आणि दुसरीकडे कुठे दाणा नाही.

तेवढ्यात दोन चिमण्या आल्या. चांगल्या टुणटुणीत. थाळीच्या रिकाम्या आकड्यावर बसून बाईंकडे बघत चिवचिवू लागल्या. रोज बघायच्या तशाच.

"हूश! निघा इथून!" बाई टाळ्या पिटत ओरडल्या. रागाने डोळ्यांतून पाणी येत होतं.

चिमण्या भिंतीपर्यंत उडाल्या आणि तिथेच थांबल्या.

बाईंनी खडा उचलला.