टिकली गावाला गेली नाही

“मुलांना सांगू या, टिकली गावाला गेली. बस्स. बच्चे हैं, विसरून जातील.” शर्मिष्ठा आवाज खाली आणून म्हणाली.

विनयाने खाली पाहिलं. तिच्या पायाशी टिकली आडवी पसरली होती. कपाळावर काळा ठिपका असलेली ही कुत्री पिल्लू असताना विनयाने लखनौच्या अमीनाबाद बाजारातल्या एका कापड दुकानाच्या पायरीवरून उचलून आणली होती. आता तिच्या पोटात गाठ होती. ऑपरेशन झेपणार नाही, फार दिवस उरलेले नाहीत, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं.

विनया मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे लखनौत आली, इथेच बँकेत लागली आणि इथलीच झाली. निवृत्तीनंतर टिकलीला मुलांशी शांत राहायला रीतसर शिकवून, तिला घेऊन ती दर शनिवारी चौक भागातल्या या माडीवरच्या खोलीत यायची. आई किंवा वडील गमावलेली मुलं इथे जमत. शर्मिष्ठा त्यांची समुपदेशक. मोठ्यांपुढे ओठ घट्ट मिटून बसणारी मुलं टिकलीच्या पाठीवर हात फिरवता फिरवता बोलू लागत.

तिसरीतली सृष्टी त्यांतलीच; घर मराठी, पण ती बोलायची हिंदीतच. तिचे वडील ऋषभ अपघातात गेले, तेव्हा घरच्यांनी तिला कानपूरला मावशीकडे धाडलं. पप्पा इलाजासाठी दिल्लीला गेलेत, असं सांगितलं. अंत्यविधी, दिवस सगळं उरकल्यावर परत आणलं. खरं काय ते तिला शाळेतल्या एका मुलीकडून कळलं. तेव्हापासून मोठ्यांच्या शब्दावरचा तिचा विश्वासच उडाला. जेवण तयार आहे म्हटलं, तरी ती आधी स्वयंपाकघरात जाऊन बघून यायची. टिकलीच्या कानाशी मात्र तिची कुजबुज संपत नसे.

“आणि सृष्टीला? तिलाही गावालाच गेली म्हणून सांगायचं?” विनयाने विचारलं.

“काकू, तिच्यासाठीच तर म्हणतेय. मुश्किल से इथवर आणलंय तिला.”

“कळतंय मला. तू सांगशील त्या शब्दांत बोलेन, तुझ्यासमोर बोलेन. पण खोटं नाही बोलणार.”

शर्मिष्ठा म्हणाली, “आधी तिच्या आईला विचारा.”

सृष्टीची आई, संपदा, अमौसीला विमानतळावर एका काउंटरवर काम करायची. विनया तिची शिफ्ट सुटेपर्यंत बाहेर थांबली. ऐकताच संपदा उसळली.

“पुन्हा मरण? नको हो काकू! अजून किती दाखवायचं तिला?”

“तिने अजून एकही बघितलेलं नाही, संपदा.”

संपदाचा चेहरा उतरला. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगा दोघींना घासून जात होत्या. “मी त्या दिवसांत भानावरच नव्हते, घरचे काय ठरवतात तेही कळत नव्हतं,” ती म्हणाली. मग डोळे पुसून तिने विचारलं, “मी पण येऊ?”

शनिवारी मुलं सतरंजीवर गोल बसली, संपदा मागे भिंतीशी. विनयाने सरळ सांगितलं, “टिकली बहुत बीमार है. दवा से ठीक नहीं होगी. थोड़े दिनों में मर जाएगी.”

एक-दोघं रडू लागली. शर्मिष्ठाने त्यांना जवळ घेतलं. सृष्टीने विनयाकडे रोखून पाहिलं.

“इसको दिल्ली तो नहीं भेजोगी?”

“नाही. माझ्याच घरी राहील.”

“मरेगी तब मुझे बुलाओगी?”

विनयाने संपदाकडे पाहिलं. संपदाने मान डोलावली.

“बोलावीन,” विनया म्हणाली.

आणि तिने शब्द पाळला. एका दुपारी तिचा फोन आला तशी संपदा मुलीला शाळेतून घेऊन थेट विनयाच्या घरी आली. टिकली व्हरांड्यात निजली होती. श्वास लांब लांब झाले होते. सृष्टी तिला चिकटून बसली, कानाशी खूप वेळ काहीतरी बोलली. मग टिकलीच्या पाठीवर ठेवलेला सृष्टीचा हात वर-खाली व्हायचा थांबला.

“अब साँस नहीं ले रही?”

“नाही, बाळा.”

“पप्पा भी ऐसे ही?”

“हो,” संपदा म्हणाली. “असेच.”

सृष्टीच्या तोंडून हंबरडा फुटला. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच रडत होती. संपदाने तिला गप्प केलं नाही, नुसती घट्ट धरून ठेवली. विनयाही डोळे न पुसता बसून राहिली.

परसात पेरूच्या झाडाखाली तिघींनी मिळून टिकलीला माती दिली. हात धुताना सृष्टीने आईला विचारलं, “पप्पा को कहाँ ले गए थे?”

“गोमतीच्या काठावर. घाटावर.”

“मुझे दिखाओगी?”

संपदाने नळ बंद केला. “चल.”

विनया फाटकापर्यंत गेली. दोघी ई-रिक्षात बसल्या. रिक्षा घराच्या रस्त्याला लागली नाही, नदीकडे वळली. ती दिसेनाशी झाल्यावर विनया आत आली. व्हरांड्यातलं टिकलीचं पाण्याचं भांडं तिने घासून धुतलं आणि उन्हात पालथं घातलं.