एकदाच आलेली हाक

मी एक जुना डोंगा आहे, मित्रांनो, सानगडीकडच्या एका तलावातला. आसारामच्या वडिलांनी आंब्याचं खोड कोरून मला घडवलं. माझ्यात बसून आसारामने तीस वर्षं जाळी टाकली. डोंगा कसा सरळ चालतो, म्हणून लोक कौतुक करत. खोटं कशाला बोलू, मी त्याने फुगतही असे.

माझी लाडकी प्रवासी होती रीना. केरळहून आलेल्या मिशनरी जोडप्याची ही मुलगी. घरी तिला 'मोळे' म्हणत, म्हणजे लेकी. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण ही घरी अप्पम आणि आसारामकडे झिंग्यांचा रस्सा, दोन्हीकडे जेवून यायची. अडचण एकच होती. तिच्या अप्पांची शिस्त अशी की पहिल्या हाकेला ओ द्यायची. आसारामची बायको पार्वताबाई मात्र बजावायची, सांजेला तलावाकडून हाक आली तर तिसऱ्यांदा येईपर्यंत गप्प राहायचं. पाण्यातलं जे असतं, ते एकदाच बोलावतं. घरी एक आणि काठावर दुसरं, असं पोर निमूट पाळत होती.

एका सांजेला ती माझ्यात बसून जाळ्यातलं शेवाळ काढत होती. वारा पडला होता. कमळांच्या बाजूने हाक आली, "मोळे!"

बेडूक एकदम गप्प झाले. काठावर शेजारीच बसलेल्या पार्वताबाईने रीनाच्या तोंडावर हात ठेवला.

"ओ नोको देऊ, बाई. तीनदा होऊ दे."

"माह्या अप्पाचा आवाज आहे न थो!" रीना हाताआडून म्हणाली.

"थे कोनाचाबी आवाज काढते."

काठावरचे सगळे दुसऱ्या हाकेसाठी कान देऊन बसले. ती आलीच नाही. रीनाने तो हात झटकला, "ओ, अप्पा!" म्हणून ओरडली आणि माझा दोर सोडला. आसाराम धावत येऊन माझ्यात चढला.

अप्पा कमळांत सापडले. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, पाय घसरून ते गाळात रुतले होते. दोघांनी त्यांना माझ्यात ओढून घेतलं. चूळ भरून ते बोलले, "मी हाक मारली नाही. माझ्या तोंडात चिखल होता."

त्यांनी ती देवाची हाक मानली. पार्वताबाईने तलावाला नारळ फोडला. रीना प्रार्थनेला बसली आणि तिने खोबरंही खाल्लं. मी काय सांगू? त्या सांजेला कमळांखालून कोणीतरी माझ्या तळावर बोटं फिरवली होती. मी फार भ्यालो होतो.

पुढे रीना दूर केरळात वसतिगृहात गेली. फायबरच्या नावा आल्या. मला डांबर लावायचं कोणाला सुचेना, आणि मी काठावर तडकत पडलो. आसाराम मात्र त्या पोरीकडून एक शिकला होता. हाक आली की तो पहिल्याच खेपेला उठायचा.

आज सांजेला कमळांतून हाक आली, "आसाराम!" एकदाच. "ओ, आलो," म्हणत त्याने, मी हाताशी होतो म्हणून, मलाच पाण्यात लोटलं. इथे कमळांत कोणीच नाही. माझ्या तळातून पाणी आत येत आहे. तो काठाकडे वळून एकदा जिवाच्या आकांताने ओरडला आणि मी कलंडलो.

मित्रांनो, डोंग्याच्या भेगा तो काठावर असतानाच बुजवाव्यात. आणि माणसाच्या हाका मोजू नयेत. आसारामची हाक सगळ्यांनी ऐकली आहे. काठावर ते दुसरीची वाट पाहत उभे आहेत.